आगटीभोवतीची तीन हजार वर्षे

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या बाजूला माझ्या मेहुण्यांचे शेत आहे. दरवर्षी या सुमारास तेथे हुरडा होतो. बांधालगत हातभर खोल खड्डा काढायचा, त्यात गोवऱ्या रचून पेटवायच्या आणि धूर व ज्वाळा शमल्या की राखेत ज्वारीची कोवळी कणसे सारायची. भाजलेले कणीस हातावर चोळले की हिरवे, गोड दाणे पानात पडतात. या खड्ड्याला आमच्याकडे आगटी म्हणतात. सोबत लसणाची चटणी, दही आणि दौंडकडच्या गुऱ्हाळातला गूळ असला की आणखी काही लागत नाही.

या वेळी मात्र आणखी काही आले. दौंडला रेल्वेत नोकरी करणारा माझा भाचा थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून चिकन सॉसेजची दोन पाकिटे घेऊन आला. ‘‘मामा, हुरडा झाल्यावर एवढा विस्तव नुसता विझून जातो. आज त्यावर हे भाजू,’’ असे म्हणून त्याने खड्ड्यावर लोखंडी जाळी टाकली. घाई झाली होती, गोवऱ्या अजून धगधगत होत्या. पाच मिनिटांत सॉसेज तडातड फुटली. बाहेरून काळी झाली आणि चावून पाहिले तर आत थंडगार! मुले हसली, भाचा खजील झाला.

हुरड्याला गावच्या माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणारे एक शिक्षक आले होते. ते म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, ही साहेबी खाणी आपल्या आगटीला मानवत नाहीत. मांस असं उघड्या विस्तवावर भाजायची रीत आपल्या भागात कधी होती?’’

मी म्हणालो, ‘‘सर, तुमच्याच तालुक्यात, याच नदीच्या काठी, तीन हजार वर्षांपूर्वी होती. इनामगाव तुम्ही शिकवता की!’’

ते जरा थांबले. मग म्हणाले, ‘‘शिकवतो. घरं सांगतो, भांडी सांगतो. हाडं आली की दोन वाक्यांत संपवतो. वर्गात खाणारी आणि न खाणारी, दोन्ही घरची मुलं असतात. उगाच चर्चा नको.’’

त्यांची अडचण खरी होती. पण ती दोन वाक्यांत संपणारी हाडेच इनामगावच्या इतिहासाचा सर्वांत बोलका भाग आहेत. त्या दिवशी विस्तवाभोवती बसून त्यांना जे सांगितले, ते थोडे व्यवस्थित मांडून येथे देत आहे.

घोड नदीच्या काठचे गाव

इनामगाव हे शिरूर तालुक्यातले, घोड नदीच्या काठचे गाव. ही नदी पुढे भीमेला मिळते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. इ.स.पू. १६०० च्या सुमारास येथे शेतकऱ्यांची वस्ती झाली आणि सुमारे नऊशे वर्षे, म्हणजे इ.स.पू. ७०० पर्यंत, टिकली. हे लोक तांबे वापरत, पण ते थोडे. रोजची कापाकापी दगडी पात्यांनी होई. म्हणून या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात.

उत्खनकांनी या नऊशे वर्षांचे तीन भाग पाडले आहेत. पहिला माळवा संस्कृतीचा (इ.स.पू. १६०० ते १४००), दुसरा पूर्व जोर्वे (इ.स.पू. १४०० ते १०००) आणि तिसरा उत्तर जोर्वे (इ.स.पू. १००० ते ७००). जोर्वे हे प्रवरेच्या खोऱ्यातले, संगमनेर तालुक्यातले गाव. लाल रंगावर काळी नक्षी असलेली तोटीची भांडी प्रथम तेथे ओळखली गेली, म्हणून हे नाव. इनामगावात शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. त्यांत पाच खोल्यांचे एक मोठे घर होते, धान्याचे कोठार होते. गावाला बांध आणि पाण्याचा पाट होता. घराघरांत चुली होत्या, विस्तवाचे खड्डे होते.

आता खाण्याकडे वळू. मिळालेल्या धान्यांत जव, गहू, तांदूळ, कडधान्ये, तीळ आहेत. बोरे, आवळे, जांभळे अशी रानफळेही आहेत. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. तीन हजार वर्षे धान्य मातीत टिकते कसे? चांगले धान्य टिकत नाही. ते खाल्ले जाते, पेरले जाते किंवा कुजते. टिकते ते करपलेले. आगीत पडून ज्याचा कोळसा झाला, त्याला बुरशी आणि किडे शिवत नाहीत. म्हणजे त्या काळच्या कोणा गृहिणीच्या हातून जे सांडले किंवा करपले, त्यावर आपले ज्ञान उभे आहे. आमच्या आगटीत राखेखाली राहून गेलेले हुरड्याचे दाणे आणखी तीन हजार वर्षांनी असेच कोणाच्या तरी हाती लागतील.

प्राण्यांच्या हाडांची यादी याहून मोठी आहे. गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर ही पाळीव जनावरे. सांबर, चितळ, काळवीट, ससा ही रानातली. शिवाय पक्षी, कासव, खेकडे, मासे आणि सुसरसुद्धा. यांपैकी अनेक हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, काही फोडलेली आहेत, काही भाजलेली आहेत.

हाड भाजले हे कसे कळते?

आमच्या शिक्षकमित्रांनी लगेच विचारले, ‘‘हाड काळं दिसलं म्हणजे मांस भाजून खाल्लं, असं कशावरून? उकिरड्याला आग लागली असेल.’’ शंका अगदी रास्त आहे. पुरातत्त्वज्ञही हाच प्रश्न आधी विचारतात.

हाडात दोन मुख्य द्रव्ये असतात. एक कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन, दुसरे कॅल्शियम फॉस्फेटचे कठीण खनिज. हाड तापू लागले की आधी ते तपकिरी होते. सुमारे ३०० ते ४०० अंश सेल्सियसच्या आसपास कोलॅजेनचा कोळसा होऊन हाड काळे पडते. तापमान ६०० ते ७०० अंशांच्या पुढे गेले की हा कार्बनही जळून जातो आणि उरते ते राखाडी, मग पांढरे, खडूसारखे ठिसूळ खनिज. म्हणजे हाडाचा रंग हा एक प्रकारचा तापमापक आहे.

आता असे समजा की मांडीचा तुकडा निखाऱ्यावर धरला आहे. मांसात पाणी भरपूर असते. ते आहे तोवर आतले तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे मांसाखालचे हाड जळत नाही. जिथे हाडाचे टोक मांसाबाहेर आले आहे, तेवढेच काळे पडते. एकाच हाडाचे टोक काळे आणि बाकीचा भाग स्वच्छ असेल, तर ते मांसासकट विस्तवावर होते असा अंदाज बांधता येतो. उलट सबंध हाड काळे किंवा पांढरे झाले असेल, तर जेवण झाल्यावर ते चुलीत फेकले असावे. चुलीखालच्या जमिनीत आधीपासून पुरलेले हाडही वरच्या आचेने काळे होऊ शकते. आणि मडक्यात शिजवलेल्या हाडावर तर असा रंग उमटतच नाही. म्हणून एका हाडावरून निर्णय देत नाहीत. शेकडो तुकडे पाहतात. कोणते हाड, कोणती बाजू, किती जळली, शेजारी काय सापडले, हे नोंदवतात आणि मग बोलतात.

कापल्याच्या खुणांचेही तसेच. दगडी पात्याचा वार हाडावर बारीक, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची चीर पाडतो. कुत्र्याच्या दाताची खूण पसरट, गोलसर तळाची असते. सांध्यापाशी चिरा असतील तर जनावराचे अवयव सुटे केले, हाडाच्या मध्यभागी असतील तर मांस सोलून काढले. लांब हाडे मुद्दाम फोडलेली असतील तर आतला मगज काढून खाल्ला.

याचा काही भाग वर्गात करून दाखवता येतो. कोंबडीची दोन स्वच्छ हाडे घ्यावीत. एक आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवावे. आम्लात खनिज विरघळते, कोलॅजेन उरते आणि हाड रबरासारखे वाकते. दुसरे मैदानात शेगडीच्या निखाऱ्यांत शिक्षकांनी स्वतः चिमट्याने धरावे. ते आधी काळे, मग पांढरे होते आणि बोटाने चुरगळते. एकातून खनिज गेले, दुसऱ्यातून प्रथिन. ज्या शाळेत हाड आणणे अवघड असेल तेथे अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये टाकून खनिज विरघळण्याचा अर्धा प्रयोग तरी होतोच.

भाजणे आणि शिजवणे

मराठीत अन्नाला उष्णता देण्याच्या प्रकारांना वेगवेगळे शब्द आहेत. शिजवणे, उकडणे, परतणे, तळणे, भाजणे. यांतले भाजणे सर्वांत जुने असावे, कारण त्याला भांडे लागत नाही. पण इनामगावच्या लोकांकडे भांडी होती, आणि पुष्कळ होती. भांडे असताना माणूस विस्तवावर का भाजतो? एक कारण चव. मांसाचा पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण १४० अंशांच्या पुढे तापला की त्यातली प्रथिने आणि शर्करा यांच्यात विक्रिया होऊन तपकिरी रंग आणि खमंग वास येतो. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या विक्रियेचे वर्णन केले. भाकरीवरचे डाग, भाजलेले शेंगदाणे, हुरड्याचा वास, या साऱ्यांमागे तीच आहे. पाण्यात शिजवलेला पदार्थ १०० अंशांवर जात नाही, म्हणून त्याला हा वास येत नाही.

पण भाजण्यात तोटाही आहे. चरबी वितळून विस्तवात गळते आणि जळते. मडक्यात शिजवले तर तीच चरबी रश्शात राहते, पोटात जाते. फोडलेल्या हाडाचा मगजही रश्शात उतरतो. घरात मुबलक असेल तेव्हा भाजणे परवडते. टंचाईत मडके बरे.

मग अशी एखादी युक्ती आहे का, की पदार्थ विस्तवावर भाजलाही जावा आणि त्यातला रस, चरबी वायाही जाऊ नये? आहे. जनावराच्याच आतड्यात बारीक केलेले मांस, चरबी, रक्त, मसाला भरायचा, दोन्ही तोंडे बांधायची आणि मग भाजायचे. यात आतडे वाया जात नाही, बारीकसारीक तुकडे वाया जात नाहीत आणि बाहेरची पिशवी कोलॅजेनचीच असल्याने तीही खाता येते. सॉसेज म्हणतात ते हेच. साहेबी थाट त्याला नंतर आला. मुळात ती काटकसरीची युक्ती आहे. होमरच्या ‘ओडिसी’त रक्त आणि चरबी भरलेला कोथळा आगीसमोर फिरवत भाजणाऱ्या माणसाची उपमा येते. हे काव्य साधारणपणे इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकातले मानतात. म्हणजे इकडे घोड नदीकाठची वस्ती उठत होती, त्याच सुमाराचे.

कल्याणीच्या राजाचे ताट

इनामगावचे लोक आतड्यात मांस भरत होते का, हे हाडांवरून कळणार नाही. आतडे मातीत टिकत नाही. पण आपल्या भागातला याचा लेखी पुरावा सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा आहे.

कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. महाराष्ट्राच्या सीमेलगतचे हे गाव चालुक्यांची राजधानी होते. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. त्याची रचना इ.स. ११३० च्या आसपासची. राज्यकारभार, शिल्प, संगीत, खेळ, शिकार, औषधे, जेवण अशा शंभर विषयांचा तो कोशच आहे. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात असल्याने मराठीच्या अभ्यासकांना तो माहीत आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत ग. के. श्रीगोंदेकर यांनी त्याचे संपादन केले. पहिला भाग १९२५ मध्ये निघाला.

यातल्या ‘अन्नभोग’ प्रकरणात राजाच्या ताटातले पदार्थ कृतीसह आले आहेत. इडली-डोशाच्या पूर्वजांपासून पुरण भरलेल्या पोळीपर्यंत पुष्कळ काही त्यात आहे. मांसाच्या पदार्थांत ‘भडित्रक’ आहे. मांसाच्या तुकड्यांना भोके पाडून, त्यांत मसाला भरून, ते सळईवर ओवून निखाऱ्यावर भाजायचे. आणि ‘मंडलीय’ नावाचा एक पदार्थ आहे. त्यात आतड्यात मसालेदार सारण भरून ते निखाऱ्यावर भाजायचे असते. पोर्तुगीज यायच्या जवळजवळ चारशे वर्षे आधीची ही गोष्ट. हे वाक्य ऐकल्यावर भाच्याचा चेहरा खुलला, हे सांगायला नकोच.

कोकणपट्टीत सॉसेज रुजले ते मात्र पोर्तुगीजांमुळे. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. त्यांच्याकडे डुकराच्या मांसाचे ‘शोरिसो’ होते. गोव्यात त्याचे ‘चोरीस’ झाले आणि ते पूर्ण बदलले. माडाच्या ताडीचा शिरका, आले, लसूण, हळद, गरम मसाला आणि भरपूर लाल मिरची असा त्याचा थाट झाला. मिरचीही पोर्तुगीजांबरोबरच अमेरिकेहून आली. त्यांच्या आधी ती आपल्या देशात नव्हती. हे मांस आतड्यात भरून, दोऱ्याने बांधून, त्याच्या माळा उन्हात आणि चुलीवरच्या धुरात वाळवतात. पावसाळ्याची बेगमी म्हणून हे केले जाई. मीठ आणि ऊन मांसातले जिवाणूंना उपलब्ध असलेले पाणी काढून घेतात, शिरका आम्लता वाढवतो, धुरातली फिनॉलवर्गीय द्रव्ये वरच्या थरावर जिवाणू वाढू देत नाहीत. आपल्याकडच्या लोणच्याचे आणि सुकटीचे शास्त्र हेच.

सॉसेजचे विष

ही काळजी घेतली नाही तर काय होते, तेही इतिहासात नोंदलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीतल्या व्यूर्टेम्बर्ग संस्थानात घरची सॉसेज खाऊन माणसे दगावत. आधी डोळ्यांपुढे दोन-दोन दिसू लागे, पापण्या मिटत, गिळता येईना, मग श्वास थांबे. युस्टिनुस केर्नर या वैद्याने अशी अनेक प्रकरणे गोळा करून १८२० आणि १८२२ मध्ये प्रसिद्ध केली. या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन ते. हा केर्नर कवीही होता. त्याने हे विष प्राण्यांना देऊन पाहिलेच, शिवाय स्वतःही चाखून पाहिले! ते हवाबंद जागेत तयार होते, हे त्याने ओळखले होते. पण जिवाणूंची कल्पना अजून यायची होती.

पुढे १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावी अंत्यविधीनंतरच्या जेवणात खारवलेले मांस खाऊन वादकांच्या जथ्यातले लोक आजारी पडले, तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम याने त्या मांसातून जिवाणू वेगळा केला. लॅटिन भाषेत सॉसेजला ‘बोट्युलस’ म्हणतात, त्यावरून आजाराला ‘बोट्युलिझम’ हे नाव मिळाले. हा जिवाणू प्राणवायू नसलेल्या ठिकाणी वाढतो. आतड्याच्या पिशवीत दाबून भरलेल्या मांसाचा गाभा हे त्याचे आवडते घर. आम्लता पुरेशी असेल, म्हणजे पीएच ४.६ च्या खाली असेल, तर तो वाढत नाही. गोव्याच्या शिरक्याचे महत्त्व यावरून लक्षात येईल. युरोपात मांसाला सोरा चोळण्याची जुनी चाल होती. सोऱ्यातल्या नायट्रेटपासून नायट्राइट बनते. ते या जिवाणूला रोखते आणि मांसाला गुलाबी रंगही देते. आज कारखान्यात थेट नायट्राइट घालतात.

पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये अशा प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात केला. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. याच गटात तंबाखू आहे म्हणून दोन्ही सारखेच घातक, असा अर्थ काढू नये. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचे प्रमाण सांगत नाही. वर्षातून एकदा हुरड्याबरोबर दोन तुकडे खाणे वेगळे आणि रोजच्या डब्यात देणे वेगळे.

ते उभेच का फुटले?

आता भाच्याच्या फजितीकडे. जाळीवरची सॉसेज नीट पाहिली तर एक गोष्ट दिसली. जवळजवळ सगळी लांबीच्या दिशेने फुटली होती. कमरेभोवती, आडवे, एकही फुटले नव्हते. हा योगायोग नव्हे.

सॉसेज तापले की आतल्या पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांवर सुमारे १.७ लिटर वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसते आणि वरची साल तर उष्णतेने आक्रसत असते. आत दाब वाढतो. हा दाब नळकांड्याला दोन प्रकारे फाडू पाहतो, उभे चिरून किंवा दोन्ही टोके ओढून. साधे गणित केले तर दिसते, की उभे चिरणारा ताण हा दाब गुणिले त्रिज्या भागिले सालीची जाडी एवढा असतो. टोकांकडे ओढणारा ताण त्याच्या बरोबर निम्मा भरतो. म्हणून साल उभीच फाटते. पाण्याचा नळ थिजून फुटतो तोही बहुधा उभा. बॉयलरच्या उभ्या सांध्यांना दुप्पट मजबुती द्यावी लागते, त्याचे कारण हेच. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित फळ्यावर सहज करता येईल.

हुरड्याचे दाणे मात्र फुटत नाहीत, कारण त्यांचे कवच अजून मऊ असते, वाफ हळूहळू निघून जाते. तीच ज्वारी पिकून वाळली, कवच कठीण झाले, की तापल्यावर तिच्या लाह्या होतात.

बाहेर काळे आणि आत कच्चे होण्याचे कारणही सोपे आहे. ज्वाळा व लाल निखारे यांच्यापासून उष्णता प्रारणाने येते, झटकन येते. मांसातून आत मात्र ती वहनाने जाते आणि मांस हे उष्णतेचे मंदवाहक आहे. गोवरीची ज्वाळा शमून वर राखेची साय आली की आच मंद आणि सारखी होते. हुरड्यासाठी आपण त्याचीच वाट पाहतो. सॉसेजसाठीही तीच पाहायला हवी होती. शिवाय चरबी ज्वाळेत गळली की तिच्या धुरात बेंझोपायरीनसारखी घातक द्रव्ये तयार होतात आणि पदार्थावर बसतात.

आणखी एक सावधगिरी. सबंध मांसाच्या तुकड्यात जिवाणू बहुतेक पृष्ठभागावर असतात, ते भाजताना मरतात. खिम्यात मात्र पृष्ठभागच आत मिसळलेला असतो. म्हणून सॉसेजचा गाभा पुरता तापला पाहिजे. कोंबडीच्या मांसासाठी ७४ अंश हे मान्य प्रमाण आहे. सोपा उपाय म्हणजे आधी पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटे उकडून घ्यायचे आणि मग विस्तवावर फक्त रंग आणि खमंगपणा आणायचा. दुसरे पाकीट आम्ही तसेच केले. एकही फुटले नाही.

मुलांची हाडे

हे सगळे बोलून झाल्यावर ते शिक्षक म्हणाले, ‘‘सर, पण हे वर्गात कशासाठी सांगायचं? तीन हजार वर्षांपूर्वी कोणी काय भाजलं, त्यानं काय होतं?’’

त्याचे उत्तर इनामगावच्या तिसऱ्या कालखंडात आहे. इ.स.पू. १००० च्या सुमारास तेथे काहीतरी बिघडले. मोठी चौकोनी घरे गेली, त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. भांड्यांची घडण हलकी झाली. गुरांची हाडे कमी झाली, हरणांची आणि इतर शिकारीची वाढली. ढवळीकरांच्या मते याचे मूळ कारण हवामान कोरडे होत गेले हे होते. शेती पिकेना, तेव्हा लोक शिकारीवर आणि शेळ्या-मेंढ्यांवर विसंबले, भटके झाले आणि अखेर गाव सोडून गेले. काही अभ्यासकांना ही मांडणी फार सरळ वाटते आणि त्यांनी तिच्यावर प्रश्न उपस्थित केले आहेत. विज्ञानात तसे व्हायचेच.

पण आणखी एक पुरावा आहे. हे लोक मेलेल्या लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घराच्या जमिनीखाली पुरत. अशी दफने इनामगावात पुष्कळ मिळाली. सु. रा. वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी या सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या हाडांची मोजमापे घेऊन २०११ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तर जोर्वे काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली होती आणि उंचीच्या मानाने त्यांचे वजन कमी भरत होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अंगणवाडीत वजनकाटा घेऊन ताई जे तक्त्यावर मांडतात, तेच त्यांनी तीन हजार वर्षांपूर्वीच्या मुलांचे मांडले.

म्हणजे जनावरांची हाडे आणि मुलांची हाडे शेजारी ठेवली, की एका गावाची उपासमार समोर येते. पहिली हाडे दोन वाक्यांत उरकली तर दुसऱ्यांचा अर्थच लागत नाही. शिरूर तालुका आजही पर्जन्यछायेतला आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे आमच्या त्या आगटीभोवती बसली होती. सुकडी आणि मिलोच्या आठवणी त्यांच्याकडे आहेत. त्यांच्या नातवंडांना इनामगाव परके वाटायचे कारण नाही.

घरात काय खावे आणि काय खाऊ नये, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. शिक्षकाने ते ठरवायचे नाही, आणि त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध इनामगावच्या हाडांना साक्षीला बोलवायचेही नाही. त्याने एवढेच सांगायचे, की हे मिळाले, ते असे ओळखले आणि त्यावरून इतके म्हणता येते, याहून अधिक नाही. एवढे जपले तर वर्गातले कोणतेही मूल दुखावण्याचे कारण उरत नाही.

विस्तव निवत आला होता. एका लहान मुलीने राखेत कणीस शोधताना बोट भाजून घेतले आणि तिची आजी तिला पाण्याशी घेऊन गेली. मराठीत कणीस भाजते आणि हातही भाजतो, शब्द एकच. सर निघताना म्हणाले, ‘‘पुढच्या आठवड्यात सहावीला इनामगाव आहे. कोंबडीची हाडं मीच घेऊन जाईन. व्हिनेगर किती दिवस म्हणालात?’’

मी म्हणालो, ‘‘आठवडाभर. आजच भिजत घाला.’’